सभेनें कोणाची वाट पाहावी?

शास्त्राभ्यासाकरितां जमणाऱ्या मंडळ्यांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. वेळ ठरलेली असते, पुस्तकें उघडलेलीं असतात, शिक्षक परगांवाहून येऊन बसलेले असतात, आणि निम्मी मंडळी आलेलीच नसते. मग कोणी म्हणतो, ज्यांस वचनाची भूक आहे ते वेळेवर येतात. ज्यांस नाहीं त्यांच्यासाठीं इतरांनीं कां खोळंबावें? हा प्रश्न व्यवस्थेचा दिसतो, परंतु तो नीतीचा आहे; आणि मंगळवेढ्याच्या आसपास राहणाऱ्या आपणां लोकांस तर तो टाळतां येण्याजोगा नाहीं.

मंगळवेढा हा ज्वारीचा मुलूख. माघ-फाल्गुनांत काढणी सुरू झाली म्हणजे मजुराचा दिवस त्याचा राहत नाहीं. खुरपणीस जाणाऱ्या बाईस मालक सोडील तेव्हांच घरची वाट धरतां येते, आणि घरीं चूल तिचीच वाट पाहत असते. ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. हिवाळ्यांत चालविलेला वर्ग त्यांच्या वांट्याला मुळींच येत नाहीं. उशीरा येणारांत कांहीं आळशीही असतात, हें कोणत्याही उपदेशकास सांगावयास नको. आम्ही त्यांची वकिली करीत नाहीं.

करिंथ येथील मंडळींत असाच घोटाळा झाला होता. प्रभुभोजनास जमल्यावर कांहीं जण आधींच जेवून तृप्त होत आणि कांहीं उपाशी राहत. आधीं येणारे ते घरचे मोकळे, आणि मागाहून येणारे बहुधा दास व मजूर, असें पुष्कळ अभ्यासक समजतात. पौलानें ह्या प्रसंगीं कोणास दोष लाविला तें पाहण्यासारखें आहे. उशीरा येणारांस त्यानें एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. जे आधीं आले होते त्यांस त्यानें एकमेकांची वाट पाहण्यास सांगितलें.

त्रोवस येथील सभा तर रात्रीं भरली होती. आठवड्याचा पहिला दिवस तेव्हां सुटीचा नव्हता. रोमी राज्यांत ती सुटी कॉन्स्टंटाईन बादशहानें इ. स. ३२१ सालीं दिली. तेव्हां दिवसभर राबलेले लोक दिवेलागणीनंतर जमले असावे, आणि पौलाचें भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलें. युतुख नांवाचा तरुण खिडकींत बसल्या बसल्या झोंपी गेला व तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. (लांब भाषणें करणाऱ्या आम्हां पाळकांस ही गोष्ट कोणीतरी अधून मधून वाचून दाखवावी.) परंतु त्याला झोंप आली म्हणून त्याची भूक खोटी होती, असें तेथें कोणी म्हटलें नाहीं. तो जिवंत आहे असें कळल्यावर भाकर मोडली गेली आणि बोलणें उजाडेपर्यंत चाललें.

आतां जवळचें उदाहरण घेऊं. ह्याच मंगळवेढ्यांत चोखोबा राहत होते. त्यांचा भक्तिमार्ग आमचा नव्हे. परंतु आमच्यापैकीं कित्येकांचे पूर्वज ज्या वेठीस जुंपलेले होते, तीच वेठ त्यांच्याही नशिबीं होती. नामदेवांसारख्या संतांची संगत त्यांस लाभली, तरी पंढरीच्या देवळाचें दार त्यांस बंद राहिलें. इ. स. १३३८ सालीं गांवकुसाचें काम चालूं असतां भिंत कोसळली व तिच्याखालीं त्यांचा अंत झाला. त्यांची समाधि पंढरपुरास आहे, ती महाद्वारापुढें, देवळाच्या बाहेर. तें देऊळ अस्पृश्य मानिलेल्या लोकांस उघडलें तें साने गुरुजींच्या उपोषणानंतर, इ. स. १९४७ सालीं. सहाशें वर्षांहून अधिक काळ एका माणसाची जागा बाहेरच राहिली, आणि आंत भजन चालूंच होतें.

आमच्या सभेच्या दारावर असा कोणताही पहारा नाहीं, असें आपण म्हणूं, आणि तें खरेंही आहे. परंतु मजुरास येतां येणार नाहीं अशी घटका नेमली म्हणजे कडी न घालतांच दार लागतें. ग्लॉस्टर येथें रॉबर्ट रेक्स यानें इ. स. १७८० सालीं रविवारची शाळा काढिली, ती सहा दिवस कामावर जाणाऱ्या मुलांना सातवाच दिवस मोकळा होता म्हणून. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळण्यास इ. स. १८९० साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांस चळवळ करावी लागली. रोजावर शेतीं राबणाऱ्या माणसास ती सुटी आजही नाहीं. आपण मात्र त्याला रविवारीं सकाळीं नऊ वाजतां बोलावितों, आणि तो आला नाहीं म्हणजे त्याच्या विश्वासाची परीक्षा करितों.

वेळेवर येणाऱ्याचाही हक्क आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्याची पोरें सकाळीं शाळेस जावयाचीं असतात. शिक्षकास रात्रीं परत जावयाचें असतें. म्हणून वाट पाहणें म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें नव्हे. तेवढ्या वेळांत भजनें म्हणावीं. मागील अध्याय पुन्हा मोठ्यानें वाचावा. ज्यास अक्षरओळख नाहीं त्याच्याजवळ ज्यास आहे त्यानें बसावें. काढणीच्या दिवसांत सकाळची सभा सोडून रात्रीं जेवणानंतर वस्तीवरच जमावें. तेथें भाषण लहान करावें आणि प्रश्नोत्तरें अधिक ठेवावीं. जी बाई सर्वांत शेवटीं येते तिला दाराशीं बसूं न देतां पुढें जागा करून द्यावी.

ऊसतोडीहून कुटुंबें परततील तेव्हां योहानाच्या शुभवर्तमानाचे पुष्कळ अध्याय होऊन गेलेले असतील. ते पुन्हा पहिल्यापासून घ्यावे. आणि ज्यांनीं हिवाळ्यांत ते ऐकिले आहेत त्यांनींच ते परतलेल्यांस वाचून दाखवावे.