मोठ्या फुलाचा बारीक मणी

पाच मिलिमीटरच्या मण्यावर आठ पाकळ्यांचं फूल असतं. प्रत्येक पाकळी कडेला गर्द निळी, आत येता येता फिकी होत पांढरी, आणि भोवती काळी रेघ, कुठेही न तुटलेली. पॉलिमर क्लेचा दागिना पहिल्यांदा हातात घेणारा हमखास विचारतो, हे किती बारीक ब्रशनं रंगवलंत? ब्रश त्याला लागलेलाच नसतो. एवढंसं फूल कुणी काढलेलंही नसतं. फूल केलं ते चांगलं मोठं, पाच सेंटिमीटर रुंदीचं, आणि मग ते लहान केलं. हे लहान करणं कसं जमतं, हे मला उलगडून सांगायचं आहे, कारण बाकीची सगळी कला त्याच्याच आधारानं उभी आहे.

सुरुवात एका पाकळीपासून होते. निळ्या आणि पांढऱ्या क्लेचे दोन त्रिकोण तिरके जोडून एक पट्टा करायचा, आणि तो पास्ता मशीनमधून एकाच दिशेनं घडी घालत पुन्हा पुन्हा काढायचा. हळूहळू दोन रंगांमधली सीमा पुसते आणि निळ्यातून पांढरं उमलत जातं. अमेरिकेतल्या ज्यूडिथ स्किनर यांची ही युक्ती. जगभरचे क्लेकारागीर आज तिच्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. त्या पट्ट्याची लोळी वळायची, तिच्यावर काळ्या क्लेची पातळ पोळी गुंडाळायची, लोळी लांबवून आठ तुकडे करायचे आणि मधल्या पिवळ्या दांड्याभोवती रचायचे. दोन पाकळ्यांमधल्या खाचांत पार्श्वभूमीच्या रंगाच्या पाचरी बसवायच्या. ह्या पाचरींचा कंटाळा करणाऱ्याचं फूल पुढे बसकण मारतं, कारण पोकळी राहिली की दाब त्याच बाजूला धावतो.

असा जो जाड दांडा तयार होतो त्याला आम्ही केन म्हणतो. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक चकतीत तेच वळण दिसतं, तसंच केनच्या प्रत्येक कापात तेच फूल निघतं. फरक इतकाच, की उंडा जेवढा जाड वळला तेवढीच वडी मिळते. केन मात्र ओढून हवी तेवढी बारीक करता येते. नवी मुंबईतल्या पावणे गावातून शिकायला येणाऱ्या एका मुलीनं पहिली केन पूर्ण केली आणि ती हिरमुसलीच. "ताई, एवढं मोठं फूल कानात कोण घालणार?" "अगं थांब, अजून ओढायची आहे," एवढंच म्हटलं आणि केन तिच्याच हातात दिली.

ओढायची म्हणजे दोन टोकं धरून खेचायची नाहीत. दोन्ही हातांच्या बोटांनी केनला कमरेत आवळायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा आवळायचं. मधे कंबर बारीक झाली की तिथून दोन्ही बाजूंना सरकायचं. आतला माल कुठे जात नाही. त्याचं आकारमान तेवढंच राहतं. जाडी कमी झाली की लांबी वाढलीच पाहिजे. पाच सेंटिमीटर जाड आणि पाच सेंटिमीटर लांब केन पाच मिलिमीटर जाडीवर आणली, तर जाडी दहापट कमी झाली, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ शंभरपट कमी. म्हणून लांबी शंभरपट वाढते, पाच मीटर! दोन-दोन मिलिमीटरचे काप काढले तर हिशोबानं अडीच हजार फुलं. प्रत्यक्षात थोडी कमीच, कारण टोकांजवळ नक्षी विस्कटते.

आणि फूल मोडत का नाही? कारण पाकळी, रेघ, पाचर, मधला दांडा, सगळं एकाच प्रमाणात आक्रसतं. आत काहीच एकमेकांना ओलांडून जात नाही. मात्र त्याला एक कडक अट आहे: सगळे रंग सारखेच मऊ हवेत. मऊ रंगावर दाब आला की तो आधी पळतो, कडक मागे राहतो, आणि आतल्या पाकळ्या वेड्यावाकड्या होतात. रंगागणिक मऊपणा वेगळा असतो, त्यामुळे फुलापेक्षा जास्त वेळ मळण्यात जातो. नवी मुंबईच्या मे महिन्यात तर क्ले हाताला चिकटते. तेव्हा तिच्या पातळ पोळ्या साध्या कागदांत दाबून ठेवायच्या, जास्तीचा तेलकटपणा कागद शोषून घेतो. ओढून झाल्यावरही केनला लगेच पातं लावायचं नाही, तासभर निवू द्यायचं, नाहीतर प्रत्येक काप चपटा निघतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची आहे, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. मोठ्या केनमध्ये एक मिलिमीटरची काळी रेघ ठसठशीत दिसते. दहापट लहान झाल्यावर ती मिलिमीटरचा दहावा भाग उरते, केसाएवढी. म्हणून मोठ्या फुलात रेघ जाड वाटली पाहिजे आणि रंगांतला फरक भडक वाटला पाहिजे. मोठं असताना जे नाजूक, सुंदर दिसतं ते लहान झाल्यावर राखाडी डाग होतं. मोठं फूल करत असताना लहान फूल डोळ्यांपुढे ठेवावं लागतं, आणि ते ठेवायला हातापेक्षा मनाला वेळ लागतो.

हे सगळं ह्याच मालात इतकं सोपं का? कारण ह्या मातीत माती नाही. कुंभाराची माती पाणी सोडून सुकते आणि सुकताना आक्रसते. जपानी कुंभार रंगीत मातीचे थर रचून अशीच नक्षी करतात, पण थर वेगवेगळे आक्रसले की सांध्यांत तडे जाण्याची भीती असते. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीचे सूक्ष्म कण, रंग आणि कणांना मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर. पावणे परिसरात कामाला येणाऱ्यांना हे घराणं परकं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं १९६०च्या दशकापासून वाढलेली ही औद्योगिक वसाहत रसायनांची, रंगांची, प्लास्टिकचीच. नुसतं पीव्हीसी ताठ आणि ठिसूळ. ते मऊ, लवचिक करण्याची वाट १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांना सापडली. त्याच रसायनाचं वायरवरचं आवरण वेगळं आणि मणी वेगळा, एवढंच. पुढे जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझ यांची मुलगी सोफी रेबिंडर-क्रूझ हिनं असा माल हस्तकलेसाठी वापरात आणला. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीनं तो घेतला आणि 'फिमो' बाजारात आलं.

ओव्हनमध्ये ११० ते १३० अंशांवर, पुडीवर लिहिलं असेल तसं, कण प्लॅस्टिसायझर पिऊन घेतात, फुगतात आणि एकमेकांत मिसळून जातात. पाणी उडत नाही, म्हणून मणी जवळजवळ आक्रसत नाही. ओढताना जे प्रमाण राखलं ते भाजतानाही टिकतं. उष्णता फार वाढली तर मात्र पीव्हीसी जळून झोंबणारा आम्लवायू सुटतो. थर्मामीटर वेगळा ठेवावा, खिडकी उघडी असावी, आणि ज्या ओव्हनमध्ये जेवण होतं त्यात मणी भाजू नयेत.

केनची विस्कटलेली टोकं मी टाकत नाही. सगळे रंग एकत्र मळले की मातकट गोळा होतो. त्याचे मणी वळायचे आणि वर फुलांचे पातळ काप एकमेकांना भिडवून लावायचे. तळहातावर मणी फिरवला की सांधे मिटतात. आपल्या बोरमाळेत वर सोन्याचा पत्रा आणि आत लाख असते. सोनं वाचतं, मणी हलका राहतो, दबत नाही. सोनारानं जे लाखेकडून करून घेतलं तेच आम्ही उरल्यासुरल्या क्लेकडून करून घेतो.

ओढून बारीक करण्याची विद्या मुळात काचेची. व्हेनिसजवळच्या मुरानोत एकोणिसाव्या शतकात जाकोमो फ्रांकिनी काचेच्या दांड्यात माणसांचे चेहरे रचत आणि ओढून नखापेक्षा लहान करत. आपल्याकडे ती त्याहून कितीतरी जुनी. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूत दोन हजार वर्षांपूर्वी काचेची नळी ओढून तिचे तुकडे करून मणी होत. आंध्रातल्या पापनायडूपेटा गावानं ही रीत आपल्या काळापर्यंत सांभाळली: लोखंडी पोकळ नळीवर तापल्या काचेचा शंकू बसवायचा, त्यातून काच सलग ओढत राहायची, मग तुकडे करून ते पुन्हा तापवायचे म्हणजे कडा गोल होतात. काळ्या पोतीतले बारीक काचमणी असेच ओढलेल्या नळीचे तुकडे असतात. त्यांना कुणी भोक पाडत नाही. जाड शंकूत पोकळी होती, ती नळीबरोबर बारीक होत गेली आणि मण्यात तशीच उतरली.

क्लेला हे सुख नाही. आवळताना पोकळी मिटतेच. कच्च्या मण्यात सुई घातली तर भोकाजवळची पाकळी आत ओढली जाते, म्हणून मी भाजून झाल्यावर हातड्रिलनं भोक पाडते, एका बाजूनं निम्मं आणि उलटून दुसऱ्या बाजूनं निम्मं, म्हणजे बाहेर पडताना ड्रिल फुलाची कड उडवत नाही.