पांघरुणाचं वजन आणि मनाचा निग्रह

नारायणगावची रात्र कधी पुरती निजत नाही. टोमॅटोच्या हंगामात बाजाराकडे गाड्या लागलेल्या असतात, यात्रांच्या दिवसांत इथले तमाशाचे फड गावोगाव रात्री जागवत असतात, आणि शेतपंपाची वीज रात्रपाळीची असली की माणूस बॅटरी घेऊन, बिबट्याचा कानोसा घेत दारं धरायला निघतो. अशा मुलखात ‘झोप लागत नाही’ ही तक्रार कुणी फारशी मनावर घेत नाही. त्यात तक्रार करणारं पोर दिवसभर घर डोक्यावर घेणारं असलं, तर त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. देवाचं नाव घे, डोळे मीट, मन एका जागी ठेव.

या साध्या उत्तरात एक अख्खं तत्त्वज्ञान आहे. मन हे इच्छेच्या ताब्यात असतं, आणि ते ताब्यात येत नसेल तर इच्छाच कमी पडते, असं ते मानतं. एडीएचडी असलेल्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला हे तत्त्वज्ञान रोज रात्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला आवरण्यात येणारी अडचण. तिचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत असतं. ती असलेल्या अनेकांची झोप बिघडलेली असते. ज्यांना लवकर झोप लागत नाही अशा एडीएचडीच्या प्रौढांमध्ये, शरीराला रात्रीची वर्दी देणारं मेलाटोनिन इतरांपेक्षा सुमारे दीड तास उशिरा वाढतं, असं तपासणीत दिसलं आहे. घरात दिवे मालवलेले असतात, पण त्या माणसाच्या शरीरात रात्र अजून झालेलीच नसते.

अशांसाठी गेल्या काही वर्षांत वजनदार पांघरुणाचा बोलबाला झाला आहे. काचेचे बारीक मणी किंवा धातूच्या साखळ्या शिवून ते जड केलेलं असतं, आणि अंगावर सर्वत्र सारखा दाब देतं. अशा दाबानं अस्वस्थ शरीर शांत होतं, हे स्वतः ऑटिझम असलेल्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी 1992 साली शोधनिबंधात मांडलं होतं. स्वीडनमध्ये 2020 साली 120 प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य, बायपोलर, चिंताविकार किंवा एडीएचडी आणि सोबत निद्रानाश असलेली ही माणसं होती. काहींना सहा-आठ किलोचं साखळ्यांचं पांघरूण दिलं, काहींना दीड किलोचं हलकं. चार आठवड्यांनंतर जड पांघरूणवाल्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास लोकांचा निद्रानाश निम्म्यावर आला. हलक्या पांघरुणाच्या गटात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात राहिलं.

आकडे मोठे आहेत, पण त्यांत एक खोट आहे. आपल्या अंगावर जड पांघरूण आहे की हलकं, हे घेणाऱ्याला कळतंच. त्यामुळे विश्वासाचा वाटा किती आणि वजनाचा किती, हे वेगळं काढणं अवघड होतं. त्याआधी 2014 साली ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या 67 मुलांवर असाच प्रयोग झाला होता. त्यात झोपेचा वेळ वाढला नाही. तरीही मुलांना आणि आईबापांना जड पांघरूणच जास्त आवडलं. म्हणजे उपाय काहींना मानवतो, सर्वांना नाही, आणि एडीएचडी त्यानं बरा होत नाही. याहून मोठा दावा करणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

खरा प्रश्न पुढेच आहे. श्रद्धाळू घराला या पांघरुणात पळवाट दिसते. मन आवरायचं ते जपानं आणि अभ्यासानं. बाजारातून आणलेल्या ओझ्याखाली ते दाबून बसवलं, तर त्यात साधना कुठली? हा आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचं उत्तर परंपरेतच शोधायला हवं.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन कबूल करतो की मन वाऱ्यासारखं आहे, ते धरता येत नाही. श्रीकृष्ण त्याला झिडकारत नाही. मन आवरायला कठीण आहे, यात संशय नाही, असं आधी मान्य करतो आणि मगच अभ्यास-वैराग्याची वाट सांगतो. त्याच अध्यायात त्याआधी आसनाचं वर्णन येतं: दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र, फार उंच नाही, फार खाली नाही. योग बेताची झोप आणि बेताची जाग असणाऱ्याला साधतो, हेही तिथेच सांगितलं आहे. मनाच्या निग्रहाचा अध्याय अंगाखाली काय अंथरायचं याची काळजी घेतो. मग अंगावर काय पांघरायचं याची काळजी घेणं अधार्मिक कसं ठरेल?

पतंजलीनं हा गुंता आणखी नेमका सोडवला आहे. चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय तो मोजतो. त्यांत पहिला व्याधी आहे आणि आळस पाचवा. दोन्हींनी चित्त भरकटतं, पण दोन्ही एक नाहीत. घरोघरी होणारी चूक हीच आहे: पहिल्या कारणाला पाचव्याचं नाव दिलं जातं. वर्गात खाली मान घालून बसलेल्या मुलाला ‘आळशी’ म्हणताना तो रात्री किती वाजता झोपला हे विचारलं जात नाही.

शरीराची अशीच दखल याच मुलखातल्या आणखी एका परंपरेनं घेतली आहे. नारायणगावहून जुन्नर गाठून पुढे लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढल्या की गिरिजात्मजाचं दर्शन होतं. गणपती जिथे बसला आहे ते मुळात बौद्ध भिक्षूंचं विहार. दालनाभोवती त्यांच्या निजायच्या कोठड्या आहेत. थंडीत इथला दगड किती गार पडतो, हे जुन्नरकरांना सांगायला नको. भिक्षूंच्या चीवरांबद्दल, म्हणजे वस्त्रांबद्दल, विनयपिटक या त्यांच्या नियमग्रंथात एक प्रसंग आहे. वस्त्रांची गाठोडी डोक्या-खांद्यावर घेऊन चाललेले भिक्षू पाहून बुद्धाला वाटलं, याला मर्यादा हवी. ती त्यानं उपदेशानं ठरवली नाही. ऐन थंडीत तो रात्री उघड्यावर बसला. आधी अंगावर एक वस्त्र. पहिला प्रहर सरताना थंडी वाजली, दुसरं घेतलं. मग तिसरं, पहाटे चौथं. त्यावरून तीन चीवरांचा नियम झाला, आणि त्यांतलं एक दुहेरी. हा नियम करताना डोळ्यांसमोर होते ते थंडी सोसत नाही असे, थंडीला भिणारे भिक्षू. काटक माणसाचं माप त्यानं सर्वांवर लादलं नाही. शरीराला विचारलं, तेही नाजूक शरीराच्या बाजूनं.

नारायणगावचा रस्ता पुढे नाशिकला जातो. तिथल्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण नाणी ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत अशी सोय केली. वैराग्य घेतलेल्यांच्या पांघरुणाची तजवीज हे इथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पुण्यकर्म होतं.

आणि वारकऱ्यांचा विठ्ठल? आषाढी-कार्तिकीला त्याचा पलंग काढतात, कारण भक्तांच्या दर्शनासाठी देव अहोरात्र उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्यानं स्नान, औषधी काढ्याचा नैवेद्य, मग पुन्हा रोजची शेजारती. जागरणानं देवालाही शीण येतो आणि तो मायेनं उतरवायचा असतो, ही समज ज्या घरात आहे, त्या घरातल्या पोराच्या वाट्याला रागावणं का यावं?

इथे अभ्यासाची बाजू सोडायची नाही. ठरलेली वेळ, निजण्याआधी मोबाइल बाजूला, नामस्मरण, हे सारं हवंच. पण झोप ही प्रयत्नानं मिळवायची वस्तू नव्हे. इच्छा जितकी ताणावी तितकी ती लांब पळते. ‘झोपायचा प्रयत्न कर’ ही आज्ञा म्हणूनच कुणालाच पाळता येत नाही, आणि एडीएचडी असलेल्याला सगळ्यांत कमी. तिथे अंगावरचा दाब मदत करत असेल, तर त्यानं कुठलीही साधना उणी होत नाही.

पुष्कळ घरांत आजीनं शिवलेली जड गोधडी असते, मेंढपाळांकडून घेतलेली घोंगडी असते. त्यांची तशी पारख झालेली नाही, आणि घोंगडीची टोचणी कित्येक मुलांना मुळीच सोसत नाही. जे पोर आपणहून जड गोधडी मागतं त्याला ती द्यावी, जे झिडकारतं त्याच्यावर लादू नये. तान्ह्या बाळावर वजनदार पांघरूण कधीच घालू नये. मोठ्या मुलालाही ते स्वतःच्या हातानं बाजूला सारता आलं पाहिजे, आणि दमा किंवा झोपेत श्वास अडण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. पुढच्या वेळी पथक गावच्या शाळेत येईल, तेव्हा आईवडिलांनी आणि गुरुजींनी मुलाच्या खोड्यांबरोबर त्याच्या झोपेबद्दलही डॉक्टरांशी बोलावं.