‘स्त्रीभ्रूणहत्या’ : शब्दाची चिकित्सा

मार्च २०१७मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पिशव्यांत भरून पुरलेले १९ गर्भ सापडले. गर्भपात करताना एका विवाहितेचा जीव गेला, म्हणून हे उघडकीस आले. या प्रकाराला सर्रास ‘स्त्रीभ्रूणहत्या’ म्हटले गेले. त्या शब्दात मेलेल्या बाईला जागा नाही.

यातला ‘भ्रूणहत्या’ हा शब्द धर्मशास्त्रातला आहे. धर्मसूत्रांत ‘भ्रूणहा’ म्हणजे मुख्यतः विद्वान ब्राह्मणाला मारणारा. वसिष्ठधर्मसूत्र त्यात लिंग न कळलेला गर्भ मारणाऱ्यालाही धरते आणि कारण देते की, असा गर्भ पुरुषच समजायचा. म्हणजे पापाचे वजन होते मुलगा असण्याच्या शक्यतेला. सोनोग्राफीने नेमकी ती शक्यताच पुसली. लेकीच्या रक्षणासाठी हाच शब्द हाती घ्यावा, ही विसंगती लहान नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९७१च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपात वैध आहे. ‘हत्या’ म्हटले की गर्भपात करून घेणारी प्रत्येक बाई संशयित ठरते. १९९४चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा मात्र, उलट सिद्ध होईपर्यंत, चाचणी झालेल्या बाईवर नवऱ्याची किंवा नातेवाइकांची जबरदस्ती झाली असेच गृहीत धरतो. म्हणून स्त्रीचळवळीतील अनेकींना ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द योग्य वाटतो. त्यावर उत्तर येते की, ‘निवड’ म्हणजे दुकानातली साडी. त्यात संताप उरत नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ मुली होत्या, हे पाहता ही तक्रार खरीच आहे. तरीही संतापाचा रोख निवड करणाऱ्या घराकडे आणि मशीन चालवणाऱ्याकडे हवा, टेबलावर झोपवलेल्या बाईकडे नव्हे.

जन्मलेल्या मुलीवरही शब्दाने घाव घालता येतो. सातारा जिल्ह्यात दुसरी-तिसरी मुलगी झाली की ‘नकुशी’ नाव ठेवत; त्याने पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. रोज हजेरीत बाईंनी ‘नकुशी’ पुकारायचे आणि मुलीने ‘हजर’ म्हणायचे. अंगावर वळ नसल्याने याला कोणी हिंसा म्हणत नसे. ऑक्टोबर २०११मध्ये जिल्ह्यात अशा २८०हून अधिक मुलींचे नव्याने नामकरण झाले. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली.