घेणाऱ्याचा मान



ऑक्टोबरमधील शेवटून दुसरा रविवार जगभरची ख्रिस्तसभा मिशन रविवार म्हणून पाळते. पोप अकरावे पायस ह्यांच्या काळात, १९२६ साली, ही प्रथा सुरू झाली. त्या दिवशीचे आपले दान दूरदेशीच्या गरीब धर्मप्रांतांच्या कार्याला जाते. आपण पाकीट देतो आणि मनाला समाधान वाटते. पण एक प्रश्न उरतोच. देण्याने घेणाऱ्याचे नेहमी भलेच होते का?

मादागास्कर बेटावरील एका कार्याकडे पाहू या. हा देश जगातील अतिगरीब देशांपैकी एक. तेथे संत विन्सेंट डी पॉल ह्यांच्या संघाचे फादर पेद्रो ओपेका सेवेसाठी गेले. त्यांचा जन्म १९४८ साली अर्जेंटिनात, स्लोव्हेनियातून आलेल्या कुटुंबात झाला. वडील गवंडी होते. त्यांच्याच हाताखाली मुलगा विटा रचायला शिकला. १९८९ साली राजधानी अंतानानारिव्होच्या कचरा डेपोवर फादरांनी लहान मुलांना कुत्र्या-डुकरांबरोबर उष्ट्यासाठी झगडताना पाहिले. त्यातून 'अकामासोआ', म्हणजे 'चांगले मित्र', ह्या संस्थेचा जन्म झाला. कचऱ्यावर जगणाऱ्या माणसांनीच खाणीतला दगड फोडला, विटा रचल्या, घरे उभी केली. शाळा आणि दवाखाने आले. ८ सप्टेंबर २०१९ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ह्या वस्तीला भेट दिली आणि तेथील दगडाच्या खाणीजवळ कामगारांसाठी प्रार्थना केली.

फादरांचा नियम साधा आहे. लहान मुले, वृद्ध आणि आजारी ह्यांना विनाअट मदत. धडधाकट माणसाने मात्र काम करायचे आणि मुलांना शाळेत पाठवायचे.

येथे विवेकबुद्धीला टोचणी लागते. भुकेल्या माणसाला अट घालणारे आपण कोण? थोर संत ग्रेगरी ह्यांची शिकवण आहे की, गरिबाला गरजेचे देताना आपण त्याचेच त्याला परत करतो. ती दया नव्हे, न्याय आहे. मग जे त्याचेच आहे ते देताना श्रमाची अट कशी घालायची? ज्याचे देणे लागतो त्याला कोणी 'आधी काम कर, मग पैसे देतो' असे म्हणत नाही. शिवाय उन्हातान्हात दगड फोडणे हे काही सुखाचे काम नाही.

हा आक्षेप खरा आहे. पण तो अर्धाच हिशेब मांडतो. गरिबीने माणसाकडून केवळ भाकरी हिरावली जात नाही. 'माझ्या हातांचा कोणाला तरी उपयोग आहे' हा विश्वासही हिरावला जातो. जन्मभर फक्त घेत राहावे लागणे ही मोठी मानहानी आहे. म्हणून न्यायाने त्याला भाकरी परत करायची, तसेच कमावण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे सामर्थ्यही परत करायचे. लेवीय ग्रंथातील आज्ञा आठवा. शेतकऱ्याने शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी राहू द्यावीत. रूथने अशीच कणसे वेचली आणि संध्याकाळी धान्य घेऊन ती सासूकडे गेली. घेणारी रूथ त्याच दिवशी देणारी झाली.

तरीही प्रत्येक अट न्याय्य नसते. पहिली कसोटी अशी की, अट कोणाच्या हिताची आहे? देणाऱ्याचा अहंकार सुखावणारी अट हा अन्याय होय. दुसरी कसोटी, अट घालणारा स्वतः त्या कष्टात उतरतो का? फादर ओपेका स्वतः वीट हातात घेऊ शकत होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले. दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला उठून चालायला सांगितले नाही. त्याला आपल्या जनावरावर बसवले. जो कोसळला आहे त्याला अट नसतेच. आणि श्रद्धेची अट तर कोणालाच नसते. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हे स्पष्ट केले की, ख्रिस्ती प्रेम धर्मांतराचे साधन नव्हे. ते निःस्वार्थ असते.

आपल्या धर्मग्रामातही मदतीसाठी कोणी ना कोणी दार ठोठावतो. त्याला काय द्यायचे हे आपण लगेच ठरवतो. त्याला काय येते, हे मात्र क्वचितच विचारतो. कोणाला शिवण येते, कोणाला सुतारकाम, कोणाला आजाऱ्याजवळ बसण्याचा धीर असतो. तेव्हा येत्या मिशन रविवारी पाकीट जरूर भरा. दूरच्या बांधवांना त्याची गरज आहे. पण त्याच आठवड्यात जवळच्या एखाद्या गरजू घरी जा, बसा, आणि ते जे काही पुढे करतील ते, अगदी कपभर चहा का असेना, आनंदाने घ्या. ख्रिस्तानेही शोमरोनी स्त्रीकडे प्रथम पाणी मागितले. जीवनदायी पाण्याचे बोलणे त्यानंतर झाले.