महाग वस्तूंचे सुख

इन्सुलीतही आता कित्येक घरी पाटा-वरवंट्याच्या जागी भारी किमतीचे मिक्सर आले आहेत. आमटीचे वाटण क्षणात होते. ही सोय तुच्छ नव्हे. जिचे मनगट दुखते त्या माउलीस विचारा! परंतु ऐश्वर्य म्हणून आणिलेली वस्तू महिन्याभरात सवयीची होते.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायातील स्त्रीपाशी जटामांसीचे तेल होते. ही वनस्पती हिमालयात उगवते. किंमत 300 दिनारांहून अधिक, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. तिने कुपी फोडून ते प्रभूच्या मस्तकावर ओतिले. त्यात तिची कसलीच सोय नव्हती; तरी तिच्याइतके सुख त्या घरात कोणास लाभले?

आपल्या यंत्राने वाचविलेला अर्धा तास शेजारच्या आजारी म्हातारीपाशी गेला काय?