परक्या शहरांतील रुग्ण

चांगलें रुग्णालय कोणतें, हा प्रश्न स्वतःच्या गांवीं आपणांस सहसा पडत नाहीं. शेजारी, आप्त व घरचे डॉक्टर यांनीं त्याचें उत्तर आधींच दिलेलें असतें. परदेशच्या शहरांत तापानें फणफणलेल्या प्रवाशास हे तिन्ही आधार नसतात. साधनें मुळींच नाहींत असें नव्हे. युरोपीय संघाच्या देशांत ११२ हा क्रमांक फिरविला कीं मदत मिळते. वकिलातींपाशीं डॉक्टरांच्या याद्या असतात. परंतु यादी दार दाखविते. आंत कोणत्या मनानें वागविलें जाईल, हें ती सांगत नाहीं. अनोळखी माणसाच्या शुश्रूषेचा भार कोणीं व कां वाहावा, हाच येथें खरा प्रश्न होय.

‘हॉस्पिटल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो व यजमान असाही. अशोकानें आपल्या दुसऱ्या शिलालेखांत, मनुष्य व पशु या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था सीमेपलीकडील राज्यांतही केल्याचें नमूद केलें आहे. पांचव्या शतकाच्या आरंभीं पाटलिपुत्रास आलेल्या फाहियाननें तेथील मोफत अन्न व औषध देणाऱ्या गृहांचें वर्णन करून ठेविलें आहे. शुश्रूषा ही आधीं आतिथ्य होती. व्यवहार मागाहून झाली.

यावर कोणी म्हणेल, औषधें व यंत्रें फुकट येत नाहींत. प्रवासी पैसे बुडवून निघून गेला, तर ते कोणीं भरावे? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच विमा उतरून निघणें हें प्रवाशाचें कर्तव्य आहे, असें आम्ही समजतों. परंतु प्राण कंठाशीं आले असतां प्रथम अनामत मागणें न्याय्य नव्हे. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानें पैशाआधीं, व आमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या निर्णयानें पोलिसी सोपस्कारांआधीं, तातडीच्या उपचारांस स्थान दिलें, तें याचसाठीं.

तथापि कायदा दार उघडूं शकतो, माया उत्पन्न करूं शकत नाहीं. नेहमींच्या रुग्णाशीं गोड वागण्यांत थोडा स्वार्थ असूं शकतो; तो पुन्हां येणार, चार ठिकाणीं बोलणार. परका पुन्हां येत नाहीं, आणि त्याच्या तक्रारीस साक्षीदारही नसतो. त्याची मोडक्यातोडक्या भाषेंतील वेदना शांतपणें ऐकून घेतली जाते कीं नाहीं, हीच आमच्या मतें रुग्णालयाची खरी परीक्षा.

हें माप दुसऱ्यांस लावण्यापूर्वीं आपणांस लावावें. परळास १९४१ मध्यें सुरू झालेल्या टाटा रुग्णालयांत दूरदूरच्या प्रांतांतून रुग्ण येतात, आणि त्यांचे कित्येक आप्त पदपथावर रात्री काढतात. मुंबई त्यांस परदेशच होय. लंडनांत आपणांस जी विचारपूस हवीशी वाटते, ती त्या पदपथावर आपण किती करतों, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें.