व्याख्या पाठ, पाकीट ग्लासात

वह्या मिटा. पेनं खाली. मागच्या बाकावरची कुजबुजही बंद.

'अतिपरासारी द्रावण म्हणजे काय?' चाचणीत बहुतेकांनी बिनचूक लिहिलंत. स्वल्पविरामसुद्धा पुस्तकातला. गुण दिले, द्यावेच लागतात. आणि त्याच आठवड्यात वर्गातल्या एकाला जुलाब लागले, तेव्हा काय दिवे लावलेत? लिटरभर पाण्यात घालायचं ओआरएसचं अख्खं पाकीट एका ग्लासात ओतलंत आणि 'गटागट पी, लवकर गुण येईल' म्हणून त्याच्या तोंडाला लावलंत. सगळे भोवती उभे. एकालाही शंका येऊ नये?

हिशेब करा. लिटरच्या पाकिटात साडेवीस ग्रॅम पूड असते. 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, उरलेलं पोटॅशिअम क्लोराइड आणि सायट्रेट. लिटरभर पाण्यात विरघळवली की त्या द्रावणाची परासारिता, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, 245 मिलिऑस्मोल भरते. आपल्या रक्ताची 290च्या आसपास. द्रावण रक्तापेक्षा पातळ, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडं जातं. तीच पूड 200 मिलीत घातली की पाचपट. बाराशेच्या वर! आता पाणी कुठून कुठं जाईल? बोला ना. व्याख्या येते ना? रक्तातून आतड्यात. जुलाबानं आधीच सुकलेल्या पोराच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी तुम्ही ओढून काढत होतात. अतिपरासारी द्रावण ग्लासात समोर होतं, आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांना ते ओळखू आलं नाही. तुमचे वडील रानात ओल नसताना उसाला युरिया टाकत नाहीत. मुळं करपतात हे त्यांना ठाऊक आहे. परासरण त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

वर एक शहाणा म्हणतो, 'सर, साखर ताकदीसाठी असते.' ताकदीसाठी नव्हे रे. आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन बसलेलं असतं. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनंच आत घेतं. एकट्याला घेत नाही. ते आत गेले की पाणी मागोमाग जातं. पटकीत बाकी सगळा कारभार बिघडला तरी हा रस्ता शाबूत राहतो. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच रस्त्यावर भिस्त ठेवली. मीठ-साखरेचं पाणी पिंपातून पाजलं आणि तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणलं. त्यांनी मोजून घातलं होतं. तुम्ही अंदाजपंचे!

आणि 'सक्रिय परिवहन' ऑप्शनला टाकलंत. 'पेशीपटल पेशीला आकार देते' एवढ्यावर बोळवण. किल्लारीत राहून? 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3.56ला भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती इथं माणसांवर कोसळल्या. घरी आजीला विचारा. आता ऐका. पेशीच्या आत पोटॅशिअम लिटरला 140 मिलिमोलच्या आसपास, बाहेर रक्तात जेमतेम चार. हा फरक आपोआप टिकत नाही, सक्रिय परिवहनानं टिकतो. पटलातला पंप एक एटीपी खर्चून सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो, पोटॅशिअमचे दोन आत ओढतो, अहोरात्र. शास्त्रज्ञ स्कौ यांनी तो 1957 साली शोधला. नोबेल मिळायला 1997 उजाडलं. मांडीचा स्नायू तासन्‌तास ढिगाऱ्याखाली चेंगरला की पटलं फाटतात, पंप थंडावतात. दगड उचलला, रक्त पुन्हा फिरलं, की साठलेलं पोटॅशिअम एकदम हृदयाकडं धावतं आणि बोलत असलेला माणूस हातात दगावतो. जगभरच्या भूकंपांत हे घडलं आहे. म्हणून शक्य असेल तिथं दगड हलवायच्या आधी सलाइन सुरू करतात. हा भाग तुम्ही ऑप्शनला टाकलात!

उद्या व्याख्या विचारणार नाही. टेबलावर ओआरएसची दोन पाकिटं असतील, एक लिटरचं, एक 200 मिलीचं. दोन्ही बाजारात मिळतात. शेजारी मोजपात्र आणि पाणी. एकेकानं यायचं, पाकिटावरची अक्षरं मोठ्यानं वाचायची, पाणी मोजायचं आणि पूड घालायची. ज्याचं चुकेल, त्याचे चाचणीतले गुण मी लाल पेनानं खोडणार आहे.